इतकं लांब जाऊन नुसती बोटच बघायची का? गुडघे धरलेल्या आजींच्या क्रूझ सहलीचं एक प्रकरण

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या जिजी, वय ७१. खरं नाव इथे देत नाही. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे जिजीच म्हणतात. उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेली. डावा गुडघा झिजलेला, पण त्याचं ऑपरेशन त्यांनी अजून करून घेतलेलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू. हातात काठी. मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे आणि उजव्या गुडघ्यानंतरचा त्यांचा व्यायाम माझ्याकडेच झाला होता.

मुलगा, सून, नात, नणंद आणि जिजी अशा पाच जणांनी सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ ठरवली होती. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. मुलगा माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आला: आईला विमान झेपेल का? बोटीचं त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. "बोटीवर लिफ्ट आहे, जेवण आहे, सगळं आहे. बंदर आलं की आम्ही फिरून येऊ, आई केबिनमध्ये आराम करील." जिजी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतलं दूर जाईसन मी नुसती बोटच देखू का?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. क्रूझचे पैसे माणूस जहाजासाठी देतो तसेच बंदरांसाठीही देतो. किनाऱ्यावरची सहल काढून टाकली तर उरतं ते पाण्यावरचं एक हॉटेल. घरच्यांचा हेतू मायेचाच होता, पण जिजींच्या वाटणीची सहल त्यांना न विचारता कापली गेली होती. हे मी फार घरांत पाहते. म्हातारं माणूस बरोबर नेतात आणि बसवून ठेवतात.

आधी माणसाचं मोजमाप

घरच्यांशी बोलताना दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येत होती: "तिला चालता येत नाही" आणि "तशी चालते की आई". यातल्या एकाही वाक्यावरून सहल ठरवता येत नाही. म्हणून आम्ही मोजलं.

सपाटीवर काठीने दीडशे मीटर, मग दोन-तीन मिनिटं बसावं लागतं. पंधरा ते अठरा सेंटीमीटर उंचीची पायरी, कठडा असेल तर, एकेक करत सात-आठ. तीस सेंटीमीटरची पायरी डाव्या पायाच्या जोरावर चढणं अशक्य. रांगेत उभं राहणं दहा मिनिटं. हात नसलेल्या, बुटक्या खुर्चीतून उठताना कुणाचा तरी हात लागतो. नवा गुडघा ११० अंशांच्या आसपास वाकत होता. जिना उतरायला साधारण ९० अंश लागतात, तेव्हा उजव्या पायाची काळजी नव्हती. सकाळ बरी जायची. संध्याकाळी डावा गुडघा सुजायचा.

आणखी एक गोष्ट मुलगा बाहेर गेल्यावर कळली. गोळीमुळे त्यांना दीड-दोन तासांनी लघवीला जावं लागतं. त्यावर त्यांचा उपाय ठरलेला होता: प्रवासाच्या दिवशी पाणी प्यायचंच नाही. एस.टी.ने जळगावला येतानाही त्या हेच करतात, मे महिन्यातसुद्धा. आपल्याकडच्या किती बायका असं करतात याची गणतीच नाही, आणि डॉक्टरला सोडाच, घरातही त्या हे बोलत नाहीत. फुकेतच्या दमट उकाड्यात रक्तदाबाची गोळी घेऊन दिवसभर कोरडं राहिलं, तर उठताना रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते. गुडघ्यामुळे जेवढा धोका होता, त्याहून मला याचा जास्त वाटला. सहलीच्या कागदावर पायऱ्यांचा उल्लेख निदान कधीमधी तरी असतो. स्वच्छतागृह कुठे आणि किती वेळाने, हे मी अजून एकाही माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

विमानाच्या बाबतीत हे मोजमाप लगेच कामाला आलं. विमान कंपन्यांकडे व्हीलचेअरच्या मदतीचे तीन संकेत असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांबचं अंतर चालता येत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नकोत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. जिजींसाठी आम्ही मधला संकेत मागितला, कारण विमानाच्या शिडीच्या पायऱ्या त्यांच्या हिशेबात बसत नव्हत्या. तीन अक्षरांच्या पुढच्या एका अक्षरात विमानवाल्याला नेमकं कळतं. किनाऱ्यावरच्या सहलींसाठी अशी सगळीकडे चालणारी पद्धत नाही. तिथे सहलीपुढे सोपी, मध्यम, अवघड असं लिहिलेलं असतं. ही प्रतवारी धडधाकट माणसाला किती दम लागेल यावर बेतलेली असते. "सोपी" म्हटलेल्या शहरफेरीतही बसमधून चार-पाच वेळा उतरणं-चढणं असतंच.

जहाज ते जमीन

एजंटने दिलेल्या कागदावर जिजींच्या नावापुढे "व्हीलचेअर ओके" असं लिहिलं होतं. नातीने खोदून विचारलं तेव्हा अर्थ निघाला तो असा: सिंगापूरच्या टर्मिनलपासून केबिनपर्यंत आणि शेवटच्या दिवशी केबिनपासून टर्मिनलपर्यंत खुर्ची ढकलायला माणूस मिळेल. मधल्या बंदरांसाठी खुर्चीही आपली आणि ढकलणारा माणूसही आपला. बहुतेक क्रूझ कंपन्यांची रीत हीच असते. कागदावरचे ते दोन शब्द खोटे नव्हते, पण ते वाचून घरचे निश्चिंत झाले होते.

जहाजातून बंदरात उतरण्याचे दोन प्रकार असतात आणि मर्यादित हालचाल असलेल्या माणसासाठी सगळं काही यावर ठरतं. एकात जहाज धक्क्याला लागतं, मध्ये गँगवे म्हणजे उतरता पूल टाकतात आणि माणूस चालत किंवा खुर्चीवर खाली येतो. पुलाचा उतार भरती-ओहोटीबरोबर बदलतो, म्हणून सकाळी सोपा वाटलेला पूल संध्याकाळी चढा होऊ शकतो. इमारतींच्या रॅम्पला आपल्याकडे एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. गँगवेवर ते पाळलं जाईल असं कुणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या प्रकारात धक्का नसतो किंवा जहाजाला पुरेल एवढं खोल पाणी नसतं. जहाज भर समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या होड्या माणसांची ने-आण करतात. या होड्यांना टेंडर म्हणतात. जहाजाच्या कडेला, पाण्याच्या पातळीजवळ दार उघडतं, तिथला मचाण आणि होडी दोन्ही आपापल्या लयीत वरखाली होत असतात, आणि माणसाला त्या फटीवरून पाऊल टाकायचं असतं. बहुतेक कंपन्या सांगतात की प्रवाशाला निदान काही पावलं स्वतः टाकता आली पाहिजेत, आमची माणसं हाताला धरतील पण उचलणार नाहीत, खुर्ची घडीची हवी, बॅटरीवरची जड खुर्ची होडीत घेतली जाणार नाही, आणि त्या दिवशीच्या समुद्राप्रमाणे शेवटचा शब्द कॅप्टनचा.

पेनांगला जहाज जॉर्जटाऊन शहरालाच खेटून असलेल्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. फुकेतला आमच्या जिजींचं जहाज पाटोंगच्या उपसागरात नांगर टाकून थांबणार होतं, तिथे टेंडर. एकाच सहलीतल्या दोन बंदरांत एवढा फरक होता, आणि एजंटच्या कागदावर दोन्हींपुढे एकसारखं "शोअर एक्सकर्शन उपलब्ध" असं छापलेलं.

पहिला बेत मे महिन्याचा होता, नातीच्या कॉलेजच्या सुट्टीमुळे. तो बदलायला मी आग्रह धरला. पाटोंगचा किनारा पश्चिमेला उघडा आहे. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांत तिथला समुद्र खवळलेला असतो आणि टेंडरची वाहतूक बेभरवशाची होते. उत्तर हिवाळ्यात तोच समुद्र शांत असतो. नातीने रजा टाकली आणि सहल फेब्रुवारीत गेली. गुडघ्यांसाठी आम्ही जेवढं काही केलं, त्यातलं सगळ्यात गुणकारी काम मला तारखेचा हा बदल वाटतो.

मग नातीने क्रूझ कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला मेल लिहिला. "आजी व्हीलचेअर वापरते, चालेल का?" असा प्रश्न तिने विचारला नाही. आमचं मोजमाप लिहिलं आणि त्याखाली प्रश्न टाकले: गँगवेला पायऱ्या आहेत की सपाट फळी, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, टेंडरमध्ये उतरताना किती पायऱ्या, सहलीच्या बसला लिफ्ट आहे का आणि नसेल तर पहिली पायरी किती उंच, बस किती वेळा थांबते, प्रत्येक थांब्यावर किती चालणं, स्वच्छतागृह कुठे. उत्तर यायला वेळ लागला आणि ते अर्धवट आलं. टेंडरच्या अटी स्पष्ट होत्या. या दोन बंदरांवर लिफ्टची बस मिळणार नाही हेही स्पष्ट होतं. थांब्यांबद्दल मात्र "मध्यम प्रमाणात चालणं" एवढंच. तरीही हा मेल लेखी होता. जहाजावर चढल्यावर सहलींच्या काउंटरवर तो दाखवता आला.

जहाजाच्या सहली घ्याव्यात की बाहेरून गाडी करावी, यावर घरात बरीच चर्चा झाली. जहाजाच्या सहलीत एक सुरक्षितता असते: त्यांची बस उशिरा आली तर साधारणपणे जहाज थांबतं. स्वतः केलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. पण उंच बस, पन्नास माणसांचा वेग आणि ठरलेले थांबे जिजींच्या दीडशे मीटरच्या हिशेबात बसत नव्हते. बुटकी गाडी, हवं तिथे थांबणं आणि हवं तेव्हा परतणं यासाठी आम्ही खासगी गाडीचा सल्ला दिला. अट एकच घातली: जहाजावर परत येण्याच्या शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात हजर.

लालपरीची पायरी

तयारीला दीड महिना मिळाला. खुर्चीतून हात न लावता उठणं, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, मेहरूण तलावाच्या ट्रॅकवर टप्प्याटप्प्याने चालणं हे नेहमीचं. "चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी" हे पाठ होतं, ते आता सवयीचं झालं.

बाकीचा सराव जिजींच्या रोजच्या जगातच सापडला. एस.टी.ची पहिली पायरी उंच असते. ती त्या कशा चढतात हे मी स्थानकावर उभी राहून पाहिलं. दांडी धरायची, आधी उजवा पाय, मागून नणंदेचा हात. ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यांचा हा प्रवास नेहमीचाच. म्हणजे सहलीच्या बसची एक-दोन चढउतार त्यांना जमणार होती. पाच-सहा नव्हे. टेंडरच्या फटीसाठी अमळनेर स्टेशनवर पॅसेंजर गाडीचा उपयोग झाला. फलाटावरून डब्याच्या पायरीवर जाताना मधे फट असते आणि उंचीही बदलते. गाडी तिथे उभी असते, होडी हलत असते, हा फरक उरतोच. म्हणून घरी जमिनीवर दोन पट्ट्या आखून त्यांच्यावरून पाऊल टाकायचा सराव केला, आणि तोही मी सांगेन त्याच क्षणी. होडीवर खलाशी "आता" म्हणतो तेव्हाच पाऊल टाकायचं असतं, आधी नाही, नंतर नाही. परक्या पुरुषाने दंड धरला तर अंग चोरायचं नाही, हेही बोलून घेतलं. पहिल्यांदा त्या संकोचल्या. मग म्हणाल्या, दवाखान्यात धरतातच की.

कपड्यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. सुनेने पंजाबी ड्रेस सुचवला होता. जिजींनी काष्ट्याचं नऊवारी काढलं. पायात काही अडकत नाही आणि पाऊल मोकळं पडतं. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

पाण्याचं वेळापत्रकही ठरलं. गोळीची वेळ फक्त त्यांच्या डॉक्टरांना विचारून त्या दोन दिवसांपुरती बदलली, पाणी थोडं थोडं पण दर तासाला, आणि गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलेले स्वच्छतागृहाचे थांबे.

पेनांग

पेनांगला दुपारी जहाज लागलं. पुलाचा उतार मध्यम होता. जिजी कठडा धरून चालत उतरल्या आणि नातीने खुर्ची घडी करून खाली आणली. गाडीने त्या पेनांग हिलच्या पायथ्याला गेल्या. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरावर फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरून दोराने ओढली जाणारी रेल्वे जाते. ती १९२३ मध्ये सुरू झाली आणि आताचे डबे २०११ नंतरचे आहेत. खुर्ची डब्यात गेली.

हे ठिकाण निवडण्यामागे जिजींचाच अनुभव होता. खानदेशातल्या हजारो घरांप्रमाणे त्यांच्या घरचीही सप्तशृंगीची, म्हणजे वणीच्या देवीची वारी. गुडघे गेल्यावर त्यांचं गडाच्या पायऱ्या चढणं बंद पडलं आणि घरच्यांनी देवीचं दर्शन आता घरूनच असं मानून टाकलं. २०१८ मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि जिजी पुन्हा जाऊ लागल्या. गुडघे तेच होते, सुधारला होता तो डोंगर. त्यामुळे पेनांगची रेल्वे त्यांना समजावून सांगावी लागली नाही. "वणीसारखं" एवढं पुरलं.

परतताना धक्क्याजवळच्या लिटल इंडियात फिरायचं होतं. इथे अडचण आली. जॉर्जटाऊन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या जुन्या दुकानांपुढे पाच फुटी म्हणतात तशा आच्छादलेल्या पडव्या आहेत. उन्हापावसापासून छान, पण प्रत्येक दुकानाची पडवी वेगळ्या उंचीची. दर दहा पावलांना एक पायरी. खुर्ची रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या बाजूने न्यावी लागली आणि मुलाला ते फार धास्तीचं वाटलं. १८३३ साली स्थापन झालेल्या महामारिअम्मन मंदिराच्या दारापर्यंत त्या पोहोचल्या, काठी टेकत आत गेल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. बाकीचा बाजार त्यांनी सोडून दिला. सोडायचं काय हे त्यांनी ठरवलं, ही माझ्या मते पेनांगची खरी कमाई.

फुकेत

फुकेतला सकाळी समुद्र शांत होता. ठरल्याप्रमाणे जिजींनी आधी दोन होड्या भरताना पाहिल्या. घरच्यांना मी बजावून ठेवलं होतं की त्या क्षणी "चल गं आई, काही होत नाही" असंही कुणी म्हणायचं नाही आणि "राहू दे" असंही नाही. न जाण्याचा बेतही खराखुरा आखलेला होता: नणंद त्यांच्याबरोबर थांबणार, डेकवर सावलीतली जागा, तिथून किनारा दिसतो. जिजींनी पाहिलं आणि निघाल्या. दोन खलाशांनी दंड धरले, "आता" म्हटलं, पाऊल पडलं.

गाडी जेट्टीपाशीच येईल असं गाडी ठरवून देणाऱ्याने लेखी सांगितलं होतं. ती आली नाही. किनाऱ्यालगतचा रस्ता एकेरी आहे, तिथे थांबू देत नव्हते, आणि गाडी बरीच पुढे एका गल्लीत उभी होती. दीडशे मीटरच्या माणसासाठी ते अंतर खूपच होतं. घडीची खुर्ची होती म्हणून निभावलं, पण पदपथाच्या कडा उंच, मध्येच विजेचे खांब, आणि प्रत्येक कडेला खुर्ची मागे झुकवून चढवायची. फिरायच्या वेळेतला मोठा तुकडा तिथेच गेला. फांग न्गाच्या उपसागरातली होडीची सहल आम्ही आधीच गाळली होती, कारण तिथे पुन्हा लहान होडीत चढउतार असते. वाट चालोंग हा बौद्ध विहार तेवढा ठेवला होता. तिथलं आवार सपाट आहे, पण इमारतींना पायऱ्या. जिजींनी खालूनच हात जोडले आणि झाडाच्या सावलीत बसल्या. नणंद आणि सून आत जाऊन आल्या.

दुपारच्या आत परतायचं हेही आधीच ठरलं होतं. दुपारी किनाऱ्यावर वारा वाढतो, लाटा उठतात, आणि उतरताना जमलेली फट परत चढताना जमत नाही. जाताना ताज्या असलेल्या पायांना येताना सूज असते, हेही त्यात धरायचं. परतीला होडी खरंच जास्त हलत होती. खलाशांनी दोन-तीन लाटा जाऊ दिल्या, मग "आता" म्हटलं.

त्यानंतर

या प्रकरणात जिथे जिथे अडलं, ती सगळी ठिकाणं जोडांवरची होती: केबिन ते पूल, पूल ते धक्का, धक्का ते गाडी, गाडी ते दार. जहाजावर सोयी उत्तम होत्या आणि डोंगरावरही. या दोन्हींच्या मधली जबाबदारी कुणाचीच नव्हती. कायदाही याच जागी विरळ होतो. अमेरिकेत २००५ मध्ये स्पेक्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या पाण्यातल्या परदेशी झेंड्याच्या क्रूझ जहाजांनाही अपंगत्वविषयक कायदा लागू होतो. तो कायदा पेनांगच्या पडवीपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि वाहतुकीच्या सुगम्यतेची तरतूद त्यात आहे. पण जिजींसारख्यांकडे प्रमाणपत्र नसतं. त्या स्वतःला दिव्यांग म्हणवत नाहीत, कुठल्या रकान्यात खूण करत नाहीत, आणि मग त्यांच्यासाठी कुणी रकाना ठेवतही नाही. खानदेशातून सहलीला जाणाऱ्या ज्येष्ठांत अशीच माणसं जास्त आहेत. एजंटांनी नाव आणि पासपोर्टबरोबर पायरीची उंची आणि चालण्याचं अंतर विचारायला सुरुवात करावी अशी माझी मनापासून विनंती आहे. त्याला खर्च काही नाही.

घरी आल्यावर जिजींच्या डाव्या गुडघ्याला आठवडाभर सूज होती. बर्फ, विश्रांती आणि हलका व्यायाम यांनी ती उतरली. आता त्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तयार झाल्या आहेत आणि पुढच्या वेळी लक्षद्वीपचं विचारत आहेत. तिथे बऱ्याच बेटांवर मोठं जहाज खाजणाच्या बाहेरच थांबतं आणि पुढे लहान होडीतूनच जावं लागतं, त्यामुळे फुकेतचा सगळा हिशेब तिथेही लागू आहे. ऑपरेशननंतर किमान सहा महिने होडीची फट नको, असं मी त्यांना सांगितलं आहे. नातीने मेलचा मसुदा जपून ठेवला आहे. त्यात जेट्टीपासून गाडीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहून मागणारी एक ओळ तिने आता वर टाकली आहे.